मुंगीची खुर्ची

“इथून अर्धा पडदा दिसतो. उरलेल्या अर्ध्यात खांब काम करतोय,” प्राध्यापक डाव्या कोपऱ्यातून ओरडला.

“खुर्चीचा नंबर सांग, विनोद नको,” खालून कप्तान म्हणाली.

“नंबर पुसला गेलाय. ‘खांबाशेजारची दुःखी खुर्ची’ असं लक्षात ठेव.”

सभागृहात चार मुलं चार दिशांना पांगली होती. सगळ्यात मागे, दाराजवळ, बाबा पाय लांब करून बसले होते. त्यांच्या उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर होतं आणि कुबड्या शेजारच्या खुर्चीवर टेकवलेल्या होत्या.

कार्यक्रमांसाठी जागा निवडणं हे बाबांचं काम. गाणं असो, नाटक असो की भाषण, ते आधी सभागृहातल्या सगळ्यात वाईट खुर्चीत जाऊन बसायचे. “पुढच्या रांगेतल्यांची काळजी सगळेच घेतात,” ते म्हणायचे, “खांबामागे बसणाऱ्यानेही तिकीट काढलेलं असतं.” यंदा पाय मोडला आणि नेमकी मुलांची सुट्टी लागली, म्हणून मुलंच बाबांचे पाय झाली.

कप्तान म्हणजे त्यांची तेरा वर्षांची मुलगी. मुंगी तिचा धाकटा भाऊ, कधीही एका जागी न बसणारा आणि खिशात कायम काहीतरी खायचं बाळगणारा. प्राध्यापक हा त्यांचा आतेभाऊ. त्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीची माहिती होती, त्यातली निम्मी बरोबर निघायची. आणि शेजारच्या घरातली मैत्रीण कुलूप, जी इतकं कमी बोलायची की शाळेतल्या नवीन बाई नेहमी तिची गैरहजेरी लावायच्या.

या वेळी मात्र सभागृह गाण्यासाठी नको होतं. शहरात व्हिडिओ गेमची मोठी स्पर्धा व्हायची होती, हजारभर लोकांसमोर. खेळाडू मंचावर बसून खेळणार आणि लोक मोठ्या पडद्यावर बघणार. शाळांच्या फेरीत जिंकून कप्तान आणि मुंगीच्या जोडीनेही लहान गटात जागा मिळवली होती. घरातल्या एकुलत्या एका कुरकुरत्या कॉम्प्युटरवर दोघांनी वर्षभर सराव केला होता.

“साहेब, असा हॉल शहरात दुसरा दाखवा,” सभागृहाचे व्यवस्थापक म्हणाले. त्यांचे बूट इतके चकचकीत होते की मुंगीने त्यात वाकून आपला भांग बघितला. “ही मागची भिंत बघा, अख्खी काचेची! लॉबीतलं झुंबर आतून दिसतं. संध्याकाळपर्यंत ठरवलंत तर बरं. अजून दोघं विचारतायत.”

“आधी एक चाचणी सामना होऊ दे,” बाबा म्हणाले. “रिकामं सभागृह बघून मी कधीच हो म्हणत नाही.”

स्पर्धेचे पंच आले होतेच. उंच, गंभीर, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. मंचावर दोन टेबलं होती. एका टेबलावर कप्तान आणि मुंगी बसले, दुसऱ्यावर स्पर्धेच्या ऑफिसातले दोन दादा. खेळ होता बंदरातल्या लपाछपीचा. मालाच्या मोठ्या डब्यांच्या आणि शिड्यांच्या आड लपत समोरच्याला पकडायचं. प्रत्येकाला आपल्या कॉम्प्युटरवर फक्त आपल्या पुढ्यातलं दिसतं. चौघंही कुठे कुठे आहेत हे दिसतं ते मोठ्या पडद्यावर, प्रेक्षकांना. म्हणून पडदा खेळाडूंच्या पाठीमागे होता आणि कानांवर हेडफोन.

दिवे बंद झाले. बिनखिडक्यांच्या लॉबीतलं झुंबरही विझलं. सामना सुरू झाला.

पहिली फेरी मुंगीने जिंकली. दुसरीही. तिसरीत बारका दादा एका पिंपात शिरून बसला, तर मुंगी सरळ पिंपाशी गेला आणि त्याने झाकण उघडलं.

“अरे, हा भिंतीतून बघतो की काय?” बारका दादा हसत म्हणाला.

पाचव्या फेरीनंतर मात्र कुणी हसलं नाही. पंचांनी सामना थांबवला आणि दिवे लावायला सांगितले. आधी त्यांनी मुंगीचा कॉम्प्युटर तपासला. त्यात काही नव्हतं. मग ते मंचाच्या कडेला आले आणि त्यांनी प्रेक्षकांच्या खुर्च्यांकडे बोट दाखवलं.

“तू. सारखा कान का खाजवत होतास?”

“कारण कान खाजत होता,” प्राध्यापक म्हणाला.

“आणि चष्मा?”

“तो घसरत होता. माझं नाक लहान आहे.”

पंचांना हसू आलं नाही. “मशीन स्वच्छ आहे, म्हणजे कुणीतरी खालून खुणा करतंय. असा खेळ मी आजवर बघितला नाही. संध्याकाळी मी समितीला कळवणार. ही जोडी स्पर्धेत खेळणार नाही.”

मुंगीचे कान लाल झाले. त्याने हेडफोन काढून जपून टेबलावर ठेवला.

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा कुबड्यांवर उभे राहिले होते. “मी त्याचा बाप आहे,” ते शांतपणे म्हणाले, “म्हणून माझ्या शब्दाला इथे वजन नाही. तुम्ही तुमचं काम करताय. फक्त संध्याकाळपर्यंत थांबाल?”

“थांबतो,” पंच म्हणाले.

बाहेर जिन्यावर मुंगी गुडघ्यांत डोकं घालून बसला. “मी काही नाही केलं. मला नुसतं वाटायचं की तो तिथे आहे. आणि तो असायचाच.”

“घरी खेळताना वाटतं असं?” कप्तानने विचारलं.

“घरी कुठलं वाटायला? घरी तू मला रोज धुतेस.”

“मग ते तुझ्यात नाही, या सभागृहात आहे.” कप्तान उठली. “बाबांनी आपल्याला कुठे कुठे बसवलं?”

“सगळीकडे,” प्राध्यापक म्हणाला. “माझ्या पाठीला विचार.”

“सगळीकडे नाही. प्रेक्षकांच्या सगळ्या खुर्च्यांवर. मंचावरच्या खुर्च्या कुणीच तपासल्या नाहीत. चला.”

सभागृहात लखलखाट होता. कप्तान मुंगीच्या खुर्चीत बसली. समोर रिकाम्या रांगा, त्यांच्या मागे काचेची भिंत आणि काचेपलीकडे लॉबीत फरशी पुसणाऱ्या मावशी. बाकी काही नाही. मग ती आपल्या खुर्चीत जाऊन बसली. तिथून तर कॅमेऱ्याचं उंच मचाणच आड येत होतं. दादांच्या खुर्च्यांसमोर काचेच्या भिंतीतली लाकडी दारं येत होती.

“हेडफोनमधून आवाज झिरपत असेल,” प्राध्यापक म्हणाला. “किंवा जमिनीतून कंपनं. हत्तींना पायाने ऐकू येतं, माहितीये?”

“मी हत्ती आहे का?” मुंगी म्हणाला.

“तू मुंगी आहेस. त्यांचंही तसंच काहीतरी असतं.”

“हुक,” कुलूप म्हणाली.

तिघंही गप्प झाले. कुलूप बोलली की ऐकायचं, असा नियमच होता.

“काचेवर. पडद्याचे. रिकामे.”

सगळ्यांनी वर पाहिलं. काचेच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लोखंडी दांडी होती आणि तिला हुक लटकत होते. पडदा मात्र नव्हता.

“एवढी लांब दांडी कुणी शोभेला लावत नाही,” कप्तान म्हणाली. “इथे पडदा होता. पण काच झाकायची कशाला?”

“बाहेरचा उजेड आत येऊ नये म्हणून,” मुंगी म्हणाला.

“तेव्हा बाहेर उजेड कुठे होता? झुंबर बंद होतं.” हे बोलता बोलता कप्तान थांबली. बाहेर अंधार आणि आत उजेड असला, की घरातल्या खिडकीत आपलंच घर दिसतं. “दिवे बंद करून बघायला हवं. आत्ताच्या आत्ता.”

व्यवस्थापक लॉबीत फोनवर बोलत होते. “दिवे म्हणजे खेळणं नाही, पोरांनो. जा, बाहेर बसा.”

कप्तान पुन्हा विचारणार, तेवढ्यात प्राध्यापकाने तिला मागे सारलं. “काका, मंचावरचा तुमचा पडदा शहरात सगळ्यात मोठा असेल ना?”

“अलबत!”

“मगाशी नीट बघताच आलं नाही हो. मी कान खाजवत होतो. पूर्ण अंधारात, खेळ चालू असताना तो कसा दिसतो, तेवढंच एकदा दाखवता? मी शाळेत सगळ्यांना सांगेन.”

व्यवस्थापकांनी फोन खिशात ठेवला. “चल, दाखवतोच तुला.”

दरम्यान कप्तान पंचांसमोर जाऊन उभी राहिली. “सर, तुम्ही कळवण्याआधी एकदा मुंगीच्या खुर्चीत बसून खेळाल? प्राध्यापक तुमच्या विरुद्ध खेळेल. प्रेक्षकांत कुणीही बसणार नाही. आम्ही सगळे तुमच्या बाजूला उभे राहू, हात मागे बांधून.”

“त्याने काय सिद्ध होणार?”

“मला नक्की माहीत नाही, सर. पण बसल्याशिवाय कळणार नाही.”

पंचांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि ते मुंगीच्या खुर्चीत बसले.

दिवे गेले, लॉबीतलेही. खेळ सुरू झाला. पंच नियमांत पक्के असले तरी खेळण्यात कच्चे होते. ते दोनदा पाण्यात पडले आणि एकदा स्वतःच्याच शिडीवर आदळले. प्राध्यापक सुखाने लपत फिरत होता.

कप्तानने वाट पाहिली. मग हेडफोनची एक बाजू हलकेच सरकवून विचारलं, “सर, आता तो कुठे असेल?”

“निळ्या डब्यामागे,” पंच म्हणाले. “शिडीकडे सरकतोय.”

“कशावरून?”

पंचांचा हात थबकला. “वाटलं.”

पंच स्वतःच्या कॉम्प्युटरकडे बघत राहिले. त्यांच्या पुढ्यात नुसती एक भिंत होती. ना डबा, ना शिडी. मग त्यांनी सावकाश मान वर केली.

अंधाऱ्या रांगांच्या पलीकडे, काचेच्या भिंतीत, त्यांच्या पाठीमागचा पडदा जसाच्या तसा लटकत होता. डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे, पण लख्ख. निळा डबा होता, शिडी होती आणि शिडीखाली प्राध्यापकाचा पिवळा ठिपका लुकलुकत होता.

“थांबवा,” पंच म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

दिवे लागले आणि काच पुन्हा साधी काच झाली.

व्यवस्थापक दांडीकडे बघत होते. “होता पडदा,” ते ओशाळून म्हणाले. “काळा, जुनाट. झुंबर दिसावं म्हणून काढून टाकला. मला काय माहीत याने एवढं...”

“मलाही माहीत नव्हतं,” बाबा म्हणाले. ते खुर्च्यांना धरत धरत मंचापर्यंत आले होते आणि त्यांना दम लागला होता. “गाणाऱ्याला समोर काय दिसतं, त्याने गाणं बिघडत नाही. म्हणून मी ती बाजू कधी तपासलीच नाही. यांनी तपासली.”

सगळे हसू लागले होते. मुंगी मात्र खाली मान घालून उभा होता.

“पण मग मी बघितलंच ना,” तो म्हणाला. “मला कळलं नाही, तरी बघितलं. म्हणजे त्या पाच फेऱ्या माझ्या नाहीतच.”

पंच मंचाच्या पायरीवर बसले, म्हणजे दोघांचे डोळे एका उंचीला आले. “नाहीत,” ते म्हणाले. “त्या फेऱ्या कुणाच्याच नाहीत. पण तू फसवलं नाहीस. मी या खुर्चीत बसून तेच केलं, आणि मलाही कळलं नाही. तुला एकदाही नीट न विचारता मी चारचौघांत बोललो. चारचौघांतच माफी मागतो.”

त्यांनी खरंच माइक मागवला. रिकाम्या सभागृहात त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मुंगी आणि कप्तान स्पर्धेत खेळणार, मुलावरचा आरोप चुकीचा होता आणि या चौघांचे स्पर्धेवर उपकार आहेत, असं ते म्हणाले. दोन्ही दादांनी टाळ्या वाजवल्या. जाड्या दादाने शिट्टीही मारली.

“साहेब,” व्यवस्थापक बाबांना म्हणाले, “हे भरल्या सभागृहात घडलं असतं तर आम्हाला तोंड दाखवायला जागा नव्हती. पडदा तळघरात आहे. आत्ता लावतो. मग तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल.” मग ते मुलांकडे वळले. “आणि तुमचे आभार कसे मानू, सांगा.”

“पॉपकॉर्नचं मशीन चालू आहे का?” प्राध्यापकाने विचारलं.

“कान खाजवणाऱ्याला दुप्पट,” पंच म्हणाले. ते आज प्रथमच हसले.

पडदा आला, विटलेला आणि धुळीने माखलेला. सगळ्यांनी शिंका देत तो हुकांना अडकवला. बाबांनी पुन्हा दिवे घालवायला सांगितले आणि या वेळी ते स्वतः, प्लास्टरसकट, मंचावर चढले. एका बाजूने दादांनी धरलं, दुसऱ्या बाजूने कप्तानने. चारही खुर्च्यांवर ते आळीपाळीने बसले. समोर नुसता काळोख होता.

“हे सभागृह घेऊ या,” ते म्हणाले. “मावशी घाम गाळून पुसतात, फरशी बघा किती स्वच्छ आहे. माणसं चांगली आहेत. चूक कळल्यावर कुणी लपवली नाही.” मग त्यांनी चौघांना जवळ बोलावलं. “मी इतकी वर्षं हे काम करतोय. आज तुमच्यामुळे ते मला पुन्हा नव्याने शिकायला मिळालं. मी भाग्यवान आहे.”

कुलूपने मान हलवली. मग म्हणाली, “आम्हीपण.”

दादांनी पुन्हा सामन्याला बोलावलं. या वेळी बारका दादा पिंपात बसला आणि मुंगी त्याच्यासमोरून तीनदा निघून गेला. कप्तानने एक फेरी वाचवली, पण बाकीच्या सगळ्या गेल्या. मुंगी मंचावरून उतरला तो उड्या मारतच.

“हरलो,” तो म्हणाला. “खरंखुरं हरलो!”

“उद्यापासून पिंप बघायचा सराव,” कप्तान म्हणाली.

परत जाताना टॅक्सीत मुंगी कप्तानच्या शेजारी बसला.

“ताई, तू मला एकदाही विचारलं नाहीस, की तू खरंच लबाडी केलीस का म्हणून.”

“विचारायचं काय त्यात?”

पुढच्या सीटवरून बाबांनी आरशात एकदा पाहिलं आणि नजर रस्त्याकडे वळवली. मुंगीने पॉपकॉर्नचा पुडा उघडला आणि पहिली मूठ ताईच्या हातावर ठेवली.