हद्दीचा शेवटचा दगड

हे मी रचलेले नाही. रचता आले असते, तर शेवट तरी माझ्या मनासारखा केला असता.

जे घडले ते रात्री घडले नाही. हिवाळ्यातली दुपार कलत होती, ऊन स्वच्छ होते, आणि गावाच्या पश्चिमेचा माळ या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होता. लपायला तिथे एक झुडूपसुद्धा नव्हते. म्हणूनच मला आजवर स्वतःची समजूत घालता आलेली नाही.

माळ एका म्हाताऱ्या घड्याळजीचा होता. एका कंत्राटदाराला तिथे इमारती उठवायच्या होत्या. सभा झाल्या, भांडणे झाली, शेजाऱ्या-शेजाऱ्यांत अबोला धरला गेला. अखेर नगरपालिकेने माळ विकत घेतला... तो कायमचा मोकळा ठेवण्यासाठी.

या सगळ्यात पुढे होता माझा दादा. तो नगरपालिकेत मोजणीदार, आणि मी त्याच्या हाताखाली. आईवडील गेल्यावर त्यानेच मला वाढवले. चारचौघांत मला बोलता येत नाही. कुणी काही विचारले की माझ्या वतीने दादाच उत्तर द्यायचा, तेही मला कमीपणा वाटू न देता.

एकच अट राहिली होती. मुदतीत हद्दीचे दगड रोवले नाहीत, तर व्यवहार मोडून माळ कंत्राटदाराकडे जाणार होता.

सह्या झाल्या तेव्हा घड्याळजी एवढेच म्हणाला, "घ्या जमीन. पण आखू नका तिला."

"आजोबा, आखल्याशिवाय राखायची कशी?" दादा हसला.

घड्याळजी हसला नाही.

पहिल्या दिवशी आम्ही हद्दीवर लाकडी खुंट्या मारल्या.

सकाळी एकही जागेवर नव्हती.

सगळ्या खुंट्या माळाबाहेर रस्त्याच्या कडेला पडल्या होत्या. नीट रचलेल्या. टोके वर करून...

दादा तडक कंत्राटदाराच्या कचेरीत घुसला. मी दारातच थबकलो.

"खुंट्या उपटायला माणसं पाठवतोस? लाज नाही वाटत?"

"कसल्या खुंट्या? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"तुझ्याशिवाय कोणाच्या पोटात दुखतंय?"

"दुखतंय ना! पण माझी माणसं त्या माळावर एकदा गेली तेवढीच. आता पाय ठेवायला तयार नाहीत. विचार त्यांना." मग माझ्याकडे पाहून तो म्हणाला, "काय रे मुखदुर्बळा, भाऊ तुला गवताची राखण करायला बसवणार का?"

कचेरीतले सगळे हसले. एक मजूर मात्र हसला नाही. तो खाली मान घालून बसला होता.

मग आम्ही दगडांचेच काम काढले. मोजणीचे नवे यंत्र दुरुस्तीला गेले होते, म्हणून कपाटातली जुनी दुर्बीण निघाली. तिच्यात माणूस उलटा दिसतो. डोके खाली, पाय वर, जणू आभाळाला लटकलेला. दोन-चार दिवसांत डोळ्यांना सवय होते आणि उलटे तेच सुलटे वाटू लागते.

कामाची रीत साधी होती. दादा पट्टेदार काठी घेऊन दूर उभा राहायचा. मी दुर्बिणीतून पाहून हाताने खूण करायचो, जरा डावीकडे, जरा उजवीकडे. जागा पक्की झाली की तो लोखंडी खुंटा ठोकायचा आणि मजूर तिथे दगड बसवायचे. अंतरामुळे घाव आधी दिसायचा, आवाज मागून यायचा.

पहिल्याच दगडाला खुंटा ठोकून दादाचे हात थांबले...

शेवटच्या घावाचा आवाज आला.

आणि त्यानंतर आणखी एक घाव ऐकू आला.

"प्रतिध्वनी असेल रे, घाबरटा," दादा म्हणाला.

"दादा, प्रतिध्वनीला भिंत लागते."

"मग तुझ्या डोक्यात असेल एखादी!"

प्रत्येक दगडाला तसेच झाले. मजुरांनीही ते ऐकले असावे. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातला एकही फिरकला नाही. दादा चिडला, हातगाडीवर दगड चढवून स्वतःच ओढू लागला. त्या माळावर पाखरे उतरत नाहीत हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. वारा होता, गवत लवत होते... पण गवताचा आवाज नव्हता.

मुदतीच्या शेवटच्या दुपारी एकच दगड उरला. सर्वांत लांबचा.

दादा काठी घेऊन निघाला. जाताना म्हणाला, "हा बसला की सुटलो. वहिनीला सांग, आज मी घरचं काहीही काम करणार नाही!"

मी दुर्बिणीला डोळा लावला. दादा दिसला, नेहमीसारखा उलटा. त्याच्या मागे कुणीतरी उभे होते.

मला भीती वाटली नाही. उलट, बरे वाटले. कुणी मदतीला आले असेल. व्यवस्थित उभा होता तो माणूस, पाय खाली, डोके वर...

डोके वर.

मी डोळा काढला. माळावर दादा एकटा होता.

पुन्हा डोळा लावला. तो सुलटा माणूस आता दादाच्या पाठीला टेकून उभा होता. त्याची पावले भिंगातल्या आभाळावर रोवली होती, आणि चेहरा दादाच्या टाचांच्या मागे होता.

हाक मारायला तोंड उघडले. आवाज फुटला नाही. जन्मभर माझ्यासाठी दादाच बोलला होता... त्याच्यासाठी मला एक शब्द काढता आला नाही. मी दोन्ही हात डोक्यावर हलवले. आमच्यात त्याचा अर्थ, काम सोड, परत ये.

दादाने पाहिले. त्याने खुंटा रोवला आणि ठोकू लागला.

यावेळी जादा घाव आला नाही.

मी पुन्हा डोळा लावला. दोघे होते. एक सुलटा, एक उलटा.

सुलट्याच्या हातात दादाची काठी होती.

तो परत आला. दादाचेच कपडे, दादाचीच चाल. "झालं काम," एवढेच म्हणाला. घरी जाताना त्याने एकही थट्टा केली नाही.

माळ गावाचा झाला. दादाचा सत्कार झाला. मग त्याने लगतची बाग घ्यायला लावली, तीही मोकळी ठेवण्यासाठी. झाडे तोडली गेली. पुढे माळाकडेची घरे. ज्यांनी नकार दिला, त्यांची घरे आपोआप रिकामी झाली. ती माणसे आता आमच्या दारावरून जाताना वर पाहत नाहीत. सभेत मात्र टाळ्या पडतात.

"भाऊजी, यांना काय झालंय हो?" वहिनीने काल विचारले. "कपाट काढलं, पलंग काढला. आज म्हणतात, भांडी कशाला एवढी? मी म्हटलं, मलाही काढून टाका एकदाचं! तर नुसते बघत राहिले... मापं घेतल्यासारखे."

आज सकाळी तो मधल्या खोलीत उभा होता. भिंतीला तळहात लावून मला म्हणाला, "ही नसती, तर इथून किती लांबवर दिसलं असतं."

वहिनी माहेरी गेली. मला चल म्हणाली, मी गेलो नाही. हा माझा दादा असेल, तर त्याला एकटे कसे सोडू?

आणि नसेल... तर माझा दादा अजून माळावर, त्या शेवटच्या दगडापाशीच उभा आहे.