रिकामी परत गेलेली बशी

डिसेंबर लागला की आंतिओकियाच्या डोंगरातल्या त्या गावात घरोघरी चुलीवर नातिया, नाताळची घट्ट खीर, चढायची. गिल्माही तांब्याच्या कढईत मक्याचं पीठ, दूध आणि गूळ घोटत बसली होती. नवऱ्याला, एव्हेलिओला, दालचिनी आणायला पिटाळलं, तर स्वारी मेणबत्त्या घेऊन हजर.

"अहो, आता मेणबत्त्या घालू का यात?"

"घाल की. नातिया उजळेल!" तो हसला, पण नजर बावरलेली होती.

दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली होती, "मोठा आजार नाही आजोबा, वयाचा थोडा विसर. हिंडा-फिरा, बोलत राहा." गावाचं शास्त्र निराळं. गिल्माची मैत्रीण लिखिया म्हणायची, "विसरलेलं वाया जात नाही गं. दुसऱ्या कुणाच्या तरी घरी नांदायला जातं." असल्या भाकडकथांना गिल्मा नाक मुरडायची.

शेजारी नुबिया राहायची. साठीची विधवा, गावात नवीनच, ओठांना लाली लावणारी. ती बशीभर गरम बुन्युएलो, चीजचे तळलेले गोळे, घेऊन आली आणि सहज म्हणाली, "काय हो एव्हेलिओभाऊ, लग्नात म्हणे तुमच्या कोटाची बाही उसवली होती! गिल्माबाईंनी देवळामागे उभ्या उभ्या शिवून दिली."

"असेल बुवा," तो ओशाळला. "मला नाही आठवत."

गिल्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही गोष्ट त्या दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. मग या सटवीला सांगितली कुणी? त्या दिवसापासून तिने नवऱ्यावर पहाराच बसवला. तो नुबियाकडे गेला नाही, तिच्याशी बोलला नाही. तरी इथे एखादी गोष्ट पुसली गेली, की तिथे नुबियाच्या तोंडून ऐकू यायची. जळफळाटाने गिल्माला घास गिळवेना. जन्मभर संसार हिने ओढायचा, आणि आयती मलई तिने खायची!

बाळ येशूच्या नऊ संध्याकाळच्या प्रार्थनांपैकी एक नुबियाकडे होती. प्रार्थना संपताना देवाघरी गेलेल्या माणसांची नावं घेतात. नुबियाने डोळे मिटून म्हटलं, "आणि छोट्या आउरासाठी."

गिल्माच्या बोटांतली जपमाळ थांबली. आउरा तिची पहिली लेक. एव्हेलिओ खेचरं घेऊन डोंगरापलीकडे गेला असताना जन्मली, आणि तो परतायच्या आत पुरूनही झाली. नाव दोघांनी मागाहून ठेवलं. कुणालाही सांगितलं नव्हतं.

घरी येताना तिने विचारलं, "आउरा आठवते ना हो?"

"कोण आउरा?"

त्या गावात शेजारणीची बशी रिकामी परत करत नाहीत. एखादं संत्रं ठेवतील, नाहीतर चिमूटभर मीठ, पण रिकामी कधी नाही. सकाळी गिल्माने नुबियाची बशी घासूनपुसून तिच्या ओट्यावर ठेवली. रिकामी. बरं वाटलं तिला, खरंच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी नुबिया कुंपणापाशी दिसली तशी गिल्मा एप्रनला हात पुसत धावलीच.

"नवरा हवा तर घेऊन जा, बये! पण माझ्या लेकीचं नाव तुझ्या तोंडी नको."

नुबियाचे डोळे रडून सुजले होते.

"मी मागायला जात नाही हो बाई. आपोआप येतं. पण काल ती बशी आली ना, तेव्हापासून..." तिने डोळे पुसले. "तिच्या कानामागे तीळ होता. एवढासा. तुम्ही तिथे ओठ टेकवलेत आणि मग चादर ओढलीत."



एव्हेलिओने ती पोर पाहिलीच नव्हती. त्या शेवटच्या घटकेला खोलीत गिल्मा एकटी होती.

तिने डोळे मिटले. खोली दिसली. खाट दिसली. चादर दिसली.

चादरीखाली काहीच नव्हतं. तो तीळ नाही, पोरीचा चेहराही नाही.

तिने कुंपणाचा खांब घट्ट धरला. समोरच्या त्या लाल ओठांचा तिला इतका राग आला, इतका हेवा वाटला, की दातांवर दात आवळले गेले. तरी तिने विचारलंच, अगदी हळू.

"कुठल्या कानामागे?"