अकरा नंबर शेवटचा

कोडोलीहून पन्हाळ्याच्या पाठीकडे चढणारा रस्ता जिथे संपतो, तिथे आमची एकोणीस घरांची वाडी आहे. इथल्या शाळेत मी एकतीस वर्षे शिकवले. आता मुलेच नाहीत म्हणून शाळा बंद आहे आणि माझ्या वर्गात बॅटऱ्या ठेवल्या आहेत. जिथे फळा होता तिथे एक स्क्रीन आहे. त्यावर एकोणीस आकडे, एकेका घराचा एक. आकडा हिरवा असला की त्या घरात वीज चालू, तांबडा झाला की बंद. शेजारी ते घर किती वॅट ओढते आहे तेही दिसते.

ही वाडीपुरती वीज आमच्या पुतण्याने, ऋतुराजने आणली. मोठी लाईन पावसात झाड पडले की चार-चार दिवस येत नसे. मग गायरानावर पॅनेल बसले, तारा फिरल्या. पण आमच्याकडे आषाढ लागला की पंधरा-पंधरा दिवस ऊन दिसत नाही. बॅटरी उतरली की कुणाची वीज आधी तोडायची आणि कुणाची शेवटी, हे ठरवून ठेवावे लागते. त्यासाठी देवळात बैठक झाली. मी एवढेच म्हटले, "अकरा नंबर शेवटचा."

अकरा नंबर म्हणजे अंबूबाई, माझी थोरली नणंद. शेजारच्या घरात त्या एकट्या राहत. दोन वर्षांपासून त्यांना ऑक्सिजनचे मशीन लागे, अखंड; नळी कानांवरून नाकात. मी लग्न होऊन आले तेव्हा मला साधी चूल पेटवता येत नव्हती. वन्संनी कुणाला कळू न देता सहा महिने माझ्या वाटणीच्या भाकरी थापल्या होत्या. त्या दिवशी देवळात प्रत्येक घरातल्या कर्त्याने बेल-भंडारा उचलून अकरा नंबरचा शब्द दिला. भंडारा उचलून फिरलेला माणूस मी तोवर आमच्या वाडीत पाहिला नव्हता.

खोलीची किल्ली माझ्याकडे आली. "बाई, तुमच्यावानी इस्वासाचं दुसरं कोन हाय?" गणपतराव म्हणाले होते.

गेल्या जुलैमध्ये मी जयसिंगपूरला लेकीकडे, अस्मिताकडे गेले. आमच्या यजमानांनीच आग्रह केला. "जा की चार दिस. आक्काकडं मी बघतो." तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. वन्सं गेल्या होत्या.

"झोपेतच गेल्या. तरास न्हाय झाला," सगळे सांगत होते. सगळ्यांच्या तोंडी तेच शब्द, त्याच क्रमाने. मी मास्तरीण आहे. पाठांतर मला ओळखू येते.

तेरावे झाले. मशीन कोल्हापूरच्या संस्थेला परत गेले. दुसऱ्या संध्याकाळी मी बॅटरीची खोली उघडली, तर स्क्रीनवर अकरा नंबर हिरवा होता. शेजारी आकडा होता तीनशे दहा.

ते मशीन तीनशे दहा वॅट ओढत असे. दोन वर्षे मी रोज तो आकडा पाहत आले होते.

मी वन्संच्या घरात गेले. मेन स्विच बंद होता. भिंतीतला प्लग रिकामा. मशीन जिथे असे तिथल्या फरशीवर चौकोनी डाग उरला होता. मी अनवाणी होते. पाऊस आठ दिवस लागला होता, घरभर फरशी गारठलेली होती. तेवढा चौकोन मात्र पायाला कोमट लागला.

वीज बसवणाऱ्या कंपनीचा मोहित नावाचा इंजिनीअर आला. त्याने मीटर बदलला. तीनशे दहा. मग खांबावर चढून त्या घराकडे येणारी तारच कापली.

"आता शून्य दिसेल, आजी."

आम्ही दोघे स्क्रीनसमोर बराच वेळ उभे राहिलो. शून्य दिसले नाही. मोहितने रुमालाने मान पुसली. काहीतरी बोलायचे म्हणून तो म्हणाला, "तुमचा अकरा नंबर आता पुन्हा शेवटी ठेवू का? जूनमध्ये सरांनी तोडायला पहिला केला होता."

"कुठल्या सरांनी?"

"ऋतुराज सरांनी. मोबाईलवरून होतं ते. त्यांच्या पर्यटकांच्या कॉटेजला शनिवार-रविवारी वीज कमी पडत होती ना."

माझ्या हातात किल्ली होती. तिने फक्त दार उघडते, हे मला त्या क्षणी कळले.

ऋतुराज मुंबईला गेला होता. फोन उचलत नव्हता. मोहितने क्रम पुन्हा पूर्वीसारखा केला आणि तो उजेड असतानाच निघून गेला.

त्याच संध्याकाळी सात वाजता ऋतुराजच्या घराची आणि त्याच नंबरवरच्या कॉटेजची वीज गेली. बॅटरी अर्ध्याहून जास्त भरलेली होती. सकाळी वीज आपोआप आली. दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा गेली, आणि या वेळी सोबत गणपतरावांच्या घराचीही गेली. तिसऱ्या संध्याकाळी कृष्णातच्या. रोज सातला एक घर वाढत होते.

पाचव्या दिवशी गणपतराव आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. छत्री मिटली नाही.

"बाई, किल्ली तुमच्याकडंच हाय न्हवं? मग कशाला खेळ लावलाय?"

"किल्लीनं काय होतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

ते एकदम म्हणाले, "व्हय. म्या व्हय म्हणालो हुतो. पोरगं घरोघर फिरलं. म्हणालं, पाहुण्यास्नी दूध तुमचं, भाकरी तुमच्या. निस्तं शनवार-रैवार. म्हातारीला आक्शिजनचा बाटला आणून ठिवतो म्हणाला."

"आणला?"

"न्हाय."

वन्सं गेल्या त्या रविवारी पहाटे अकरा नंबर पहिला तुटला होता. कॉटेजमध्ये सकाळी पाहुण्यांच्या आंघोळीला गरम पाणी होते.

कबुली देऊनही गणपतरावांच्या घरी वीज आली नाही. मग माणसे माझ्याकडे यायचीच थांबली. मी गेले की पारावरचे बोलणे बंद व्हायचे. घरे मात्र एकेक करून जात राहिली आणि मी रोज संध्याकाळी वर्गात बसून हजेरी घ्यावी तशी ती पाहत राहिले. हा नामदेवाचा मुलगा, याला मी बाराखडी शिकवली. ही कमळाबाई, हिच्या बाळंतपणाला वन्सं रात्रभर बसल्या होत्या. प्रत्येकाने हो म्हटले होते. मला मात्र कुणीच विचारायला आले नव्हते.

"मला का नाही विचारलं गं?" मी कृष्णातच्या बायकोला, संयोगिताला नळावर गाठले.

"तुमच्या घरातनं बी व्हय आलं म्हणालं की…" ती थांबली. घागर अर्धीच भरली होती, तशीच उचलून गेली.

मी ते ऐकले नाही असे ठरवले.

सतराव्या संध्याकाळी दोनच आकडे हिरवे उरले. अकरा, आणि बारा. बारा आमचा.

अठराव्या दिवशी मी पावणेसातलाच कंदील पुसून ठेवला. यजमान खुर्चीत बसले होते. दोघेही घड्याळाकडे बघत होतो आणि बघत नाही असे दाखवत होतो.

सात वाजले. दिवा गेला.

"तुम्हीसुद्धा?" मी विचारले.



"दोन दिसाचा तर सवाल हाय म्हणालं पोरगं. मला वाटलं, एवढं काय हुतंय."

"म्हणून मला लेकीकडे पाठवलंत."

चोपन्न वर्षांच्या संसारात त्यांनी मला कधी एकेरीसुद्धा हाक मारली नव्हती.

मी टॉर्च घेऊन बाहेर पडले. वाडीत कुठेही उजेड नव्हता. वर्ग उघडला.

अकरा नंबरपुढे पहिल्यांदाच शून्य होते.

बारा नंबर तांबडा होता. बंद. त्याच्यापुढे आकडा होता तीनशे दहा.

मी धावले. या वयात, चिखलातून.

घरात अंधार तसाच. कंदील लावला. यजमान खुर्चीत, डोळे मिटून. छाती संथ वरखाली होत होती. मी हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही.

कंदील तोंडाजवळ नेला. नाकापासून दोन्ही कानांपर्यंत त्यांच्या गालांवर वळ उठले होते, नळी वर्षानुवर्षे बांधलेली असावी तसे.