चौथी खूण

ग्राहकांचे अभिप्राय वाचायचे आणि प्रत्येकाखाली खूण करायची: आनंद, राग किंवा तक्रार. थोरलीने हे काम वर्षानुवर्षं हाताने केलं. मग तिच्याच शब्दावर नोकरीला लागलेल्या धाकट्या बहिणीने संगणकाला नियम घालून दिले. 'छान' दिसलं की आनंद, 'तुटलं' दिसलं की तक्रार. दिवसाचं काम चहा निवायच्या आत उरकू लागलं. साहेबांनी धाकटीला डोक्यावर घेतलं आणि थोरलीच्या पोटात दुखू लागलं.

चुका तिने बरोबर हेरल्या. "वा, छान! पुन्हा बंदच पंखा पाठवलात!" याखाली संगणकाने 'आनंद' लावला होता. थोरलीला उकळ्या फुटल्या. मेला शब्द वाचतो, माणूस वाचत नाही. साहेबांना हे दाखवलं की नियम गुंडाळले जाणार आणि तिचा मान तिला परत मिळणार.

दुपारी तिने सगळ्यांना जमवलं. आधी तोंडदेखलं म्हणून स्वतःचंच एक वाक्य टाइप केलं: धाकटे, तुझं फार कौतुक वाटतं गं.

खाली खूण उमटली. हेवा.

कुणी हसलं नाही. धाकटी पुटपुटली, "ताई, असा शब्द मी घातलेलाच नाही. खुणा तीनच आहेत."

"बिघडलंय हे. उद्यापासून पुन्हा हाताने," म्हणत साहेबांनी वायरच उपसली. थोरलीला हवं ते मिळालं होतं, पण तिचे कान तापले होते.

सगळे पांगल्यावर धाकटी पिशवी घेऊन आली. "त्या खुळ्या यंत्राचं मनावर घेऊ नकोस, ताई. उद्या मला शेजारी बसव. हाताने खुणा करायला शिकव."

अगदी मनापासून म्हणाली, आणि तेच थोरलीला जास्त झोंबलं. साधं चिडताही येत नाही हिला!

"बघू," ती म्हणाली. धाकटी जिना उतरू लागली.

संगणकाचा पडदा उजळला. वायर फरशीवरच पडली होती. पडद्यावर धाकटीची आत्ताची वाक्यं होती, जशीच्या तशी.

खाली खूण: निरोप.

थोरलीने ती खूण पुन्हा वाचली. उठायला हवं, हाक मारायला हवी. पण उद्या ही नसेलच तर, असं तिच्या मनात आलं, आणि क्षणभर तिला बरं वाटलं.

जिन्यातली पावलं मध्येच थांबली.

तिने हाक मारायला तोंड उघडलं. पडद्यावर नवी ओळ आली, अजून कोरी.

त्या ओळीखाली खूण आधीच लागली होती.

उशीर.