चार मीटरवरचं कुंड

मी कॉक उघडला आणि धार थेट एका अनोळखी माणसाच्या डोक्यावर पडली. बिचारा बुटाची नाडी बांधत होता...

आता खरडपट्टी निघणार, म्हणून मी जीभ चावली. त्याने मात्र खिशातून टेप काढला, भिंतीपासून स्वतःच्या बुटापर्यंत मापलं आणि शांतपणे म्हणाला, "दोन मीटर पंचाहत्तर. नेम त्या चार मीटरवरच्या कुंडाचा होता ना?"

हाच तो, ज्याला सगळे फूटपट्टी म्हणत. मी जिथे कारंजं बसवत होते, त्याच विज्ञान केंद्रात प्रयोग मांडायचा. टेपशिवाय जेवतही नाही म्हणे.

"काल टाकी तोटीच्या एक मीटर वर होती, तेव्हा धार दोन मीटर गेली," मी म्हणाले. "आज टाकी दोन मीटर वर नेली. चारवर पडायला नको?"

"नाही पडणार. लांबी वर्गमुळाने वाढते. धार दुप्पट हवी तर उंची चौपट लागते."

चौपट! तोटी कुंडापासून एक मीटर वर, म्हणजे टाकी पाच मीटरवर हवी, आणि माझा स्टँड चार मीटरलाच संपत होता. पाच वाजता संचालकबाई बघायला येणार होत्या. प्लंबर असलेल्या बाबांनी पहिल्यांदाच मला एकटीला काम दिलं होतं. हे हातचं गेलं की पुन्हा त्यांच्यामागून नळाचे पाने-पक्कड उचलत फिरायचं. माझे डोळे भरून आले, तेही याच्यासमोर.

"रडू नका... मी आधीच पुरेसा भिजलोय."

मला हसू आलं, आणि हसता हसता सुचलं. "टाकी चारच्या वर जात नाही. पण तोटी जाते की! उंचावरून सुटलेलं पाणी लांब पडतं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग खडू घेऊन फरशीवर बसला. "टाकी तोटीच्या जितकी वर आणि तोटी कुंडाच्या जितकी वर, त्या दोन उंचींची बेरीज चार; आणि धार चार मीटर जायला त्यांचा गुणाकारही चार हवा. म्हणजे वर्गसमीकरण. त्याला एरवी दोन उत्तरं येतात. अधिक चिन्हाचं मी काढतो, वजा चिन्हाचं तुम्ही."

खांद्याला खांदा लागत होता. शाळेनंतर प्रथमच मी सूत्र लिहीत होते, आणि छाती धडधडत होती... सूत्रामुळे नव्हे.

"दोन," मी म्हणाले.

"माझंही दोन." त्याचा आवाज जरा बदलला होता. "वर्गमुळात शून्य आलं. दोघांचं उत्तर एकच."

टाकी चारवर, तोटी दोनवर. पावणेपाचला कॉक उघडला. धार कुंडाच्या वीतभर अलीकडे पडली. त्याचा चेहरा उतरला. "हिशेब तर बरोबर आहे..."

"हिशेब बरोबरच आहे. थोडा जोर पाइपच्या वळणाने खाल्ला." मी टाकीखाली दोन विटा सरकवल्या. धार कुंडाच्या मधोमध पडली.

संचालकबाई आल्या, "छान" म्हणाल्या, गेल्या. माझं काम पक्कं झालं. तो मात्र टेप उघडत होता, मिटत होता.

"उद्या संध्याकाळी... काम नसताना, माझ्यासाठी याल?"

मी खडूचे दोन तुकडे केले. "वेगवेगळं लिहू."

पाठीला पाठ लावून आम्ही फरशीवर लिहिलं आणि वळलो. माझं 'हो' होतं. त्याचंही 'हो'च.

"विचारलंसही तूच आणि उत्तरही तूच दिलंस?"

"माझं उत्तर तर विचारण्याआधीच ठरलेलं होतं," तो म्हणाला. मग एकदम थबकला. "मला 'तू' म्हणालीस."

"म्हणाले. आता कॉक बंद कर, पुन्हा भिजशील."

तो उठलाच नाही. मीही नाही.