चुन्याचे ठिपके

आमच्या मलकापुरात नवी तऱ्हा मेलगाडीतून यायची. कापसाच्या गाठी वॅगनीत चढल्या का ते पाहायला बाबा स्टेशनवर जात, तेव्हा आईही बरोबर निघे. बाबा मालधक्क्याकडे वळले की ती फलाटावर वरच्या वर्गाच्या डब्यांसमोर उभी राही आणि खिडकीतल्या बायका पाहून घेई. पोलक्याची बाही कोपराच्या किती वर गेली, पदराला पिन कुठे लागली, पाचवारीच्या निऱ्या कुठल्या अंगाला वळल्या. गाडी हलेपर्यंत तिचं सगळं पाहून झालेलं असे. दुसऱ्या दिवशी शिंपी आमच्या ओसरीवर येऊन बसायचा.

"हिंमतदादाची बायको आता मुंबईवालीन झाली," गोजरआत्या म्हणायची. ती बाबांची धाकटी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहणारी. "उद्या टोपी घालून येईन, तवा आम्ही सलाम करू."

"तुले घ्यायची का एक?" आई विचारायची. आत्या हसत सुटायची.

कपड्यांनंतर आईला घराचा, त्यातही पुढच्या बैठकीच्या खोलीचा नाद लागला. शिसवी खुर्च्या, संगमरवरी तिपाई, छताला टांगायची हिरव्या काचेची हंडी, चौकटीत बसवलेला मण्यांचा पोपट. वस्तू आली की तिची जागा ठरायला आठवडे लागत. इकडून उचल, तिकडे ठेव, दारात उभं राहून पाहा. मग एखाद्या दुपारी ती पानाच्या डब्यातला चुना करंगळीवर घेई आणि काळ्या शहाबादी फरशीवर वस्तूच्या प्रत्येक पायाशी एकेक ठिपका ठेवी. झाडताना खुर्ची हलली तर परत ठिपक्यांवरच यायला हवी.

"चुना वाळला की जागा पक्की," ती म्हणायची.

"या घरात माह्याच पायाले तेवढे ठिपके नाहीत," बाबा म्हणायचे.

मी लग्नानंतर वर्षाच्या आत परत आले होते, कपाळ पुसून. बाबांनी लोकांचं न ऐकता मला पुण्याला शिकायला पाठवलं आणि पुढे बुलढाण्याच्या मुलींच्या शाळेत मी शिक्षिका झाले. आई दर हंगामात माझ्यासाठी एक साडी घ्यायची. अंजिरी, मोतिया, चिंतामणी रंगाची. मी ती परत करायची. ती वाद घालत नसे. पुढच्या सुट्टीत येऊन पाहावं तर तिचा पडदा झालेला असे, नाहीतर उशीचा अभ्रा. मी न नेसलेली प्रत्येक साडी त्या बैठकीत कुठे ना कुठे होती.

शेवटची वस्तू तिने गेल्या माघात घेतली. बिनहातांची, बुटकी खुर्ची. तिच्यावर माझी अंजिरी साडी मढवलेली होती. ती दारामागे भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती.

"हिची जागाच सापडून नाही राह्यली," आई मला म्हणाली होती.

वैशाखात ती विषमज्वराने गेली. मी उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी आलेलीच होते, म्हणून शेवटी तिच्याजवळ होते. तापात ती हवेत बोटाने ठिपके ठेवत होती.

दहाव्याला नळगंगेच्या काठी पिंड ठेवला. आमच्याकडे बायाही नदीवर जातात. नदीला पाणी थोडंच होतं, वाळू तापलेली. समोरच्या बाभळीवर कावळे होते, पण खाली एकही येईना. बाबा हात जोडून म्हणाले, "भामाकडे मी पाहीन, तिची चिंता करू नको." कावळे हलले नाहीत. मी मनात काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. ऊन चढत गेलं. बाबांना खोकला लागला. जिनिंगच्या कारखान्यातली कापसाची धूळ त्यांच्या छातीत केव्हाच बसली होती. ते मटकन वाळूत बसले.

तेव्हा आत्या पुढे झाली.

"वयनी, आता किती तंगवतेस आमाले? तुई बैठक कोनी मोडत नाही. जसं मांडलं तसंच राहीन. काही हालनार नाही."

एक कावळा खाली उतरला. पिंडापासून हातभर अंतरावर थांबला आणि मान तिरकी करून पाहू लागला.

"अन् कोनी हालनार नाही," आत्या म्हणाली.

कावळा शिवला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मीही.

डॉक्टरांनी बाबांची छाती तपासून स्पष्ट सांगितलं होतं की या धुळीत राहिलात तर पुढचा उन्हाळा दिसणार नाही. बुलढाणा घाटावर, हवा थंड. शाळा उघडायच्या आत त्यांना माझ्याकडे न्यायचं मी ठरवलं. ते तयारही झाले. मला आता तेवढंच एक माणूस उरलं होतं.

निघण्याआधी बैठक आवरावी म्हणून मी तिपाई खिडकीशी ओढली आणि तिच्यावर चढून पडद्यांच्या कड्या काढू लागले. पाणी प्यायला आत जाऊन आले तो तिपाई ठिपक्यांवर होती. बाबा अंगणात दाढी करत होते, तोंडाला साबण तसाच. घरात तिसरं कोणी नव्हतं. मी तिपाई पुन्हा ओढली आणि तिच्याकडे पाहत उभी राहिले. काही झालं नाही. मला हसू आलं. पडदा घडी करायला मान वळवली, परत पाहिलं. ती परत ठिपक्यांवर होती. फरशीवर ओढल्याचा आवाज झाला नव्हता.

दिसतं त्याला कारण असतं, असं मी वर्गात मुलींना सांगते. पडदा पुन्हा लावून टाकला आणि बाकीचं आहे तसंच राहू दिलं.

निघायच्या दिवशी सकाळी टांगा दारात आला. बाबांनी फेटा बांधला, काठी घेतली. बैठकीतून जाताना म्हणाले, "जरा टेकतो. वहाणेचा पट्टा सैल झाला." आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले.

पट्टा बांधून झाला. ते उठले नाहीत.

"चला ना बाबा. मोटार सुटेल."

"हाव, चाललो," ते म्हणाले. त्यांनी हातांवर जोर दिला. मानेच्या शिरा फुगल्या. मग ते माझ्याकडे बघून ओशाळं हसले. "उठताच येऊन नाही राह्यलं, भामा."

मी आणि टांगेवाल्याने त्यांना दोन बाजूंनी धरलं. बाबा त्या दिवसांत काडीसारखे झाले होते. तरी ते भरलेल्या कपाटासारखे जड लागले. खुर्चीही तसूभर सरकली नाही.

"माय, हे माह्यानं नाही होत," टांगेवाला म्हणाला आणि भाडं न घेता गेला.

डॉक्टरांनी गुडघ्यांवर ठोकून पाहिलं. पाय उडाले. पायांत काही दोष नाही, दुःखाने असं होतं, ते म्हणाले. त्यावर मी विश्वास ठेवला. आत्याने ठेवला नाही. ती उंबऱ्याबाहेर उभी राहून पदराचं टोक चावत होती.

"मी तं कावळा शिवावा म्हून म्हन्लं, पोरी. दादाले ऊन लागून राह्यलं होतं. मले काय मालूम, वयनी असं धरून बसन?"

महिन्याच्या श्राद्धाला मी आणि आत्या पुन्हा नदीवर गेलो. आत्या पिंडासमोर रडली, नाक घासलं, "माही जीभ घसरली, वयनी, माफ कर, त्याले सोड," म्हणाली. बाभळीवर एकही कावळा नव्हता. परतताना मी भटजींना विचारलं. ते म्हणाले, "शब्द द्यायची रीत आहे, बाई. परत घ्यायची मला माहीत नाही."

बाबा तिथेच जेवत, तिथेच झोपत. देहधर्माचं सगळं मी आणि आत्या मिळून करत असू, मग तेही कमी कमी होत गेलं. त्यांचा खोकला थांबला. बोलणं थांबत आलं. सकाळी मी बैठक पुसायची, तेव्हा फडकं त्यांच्या खांद्यावरूनही फिरायचं. एके दिवशी हे माझ्या ध्यानात आलं आणि हात थांबला. ते समोर, दाराकडे पाहत होते. दारात उभं राहिलं की ते अगदी मधोमध दिसत, हंडीच्या बरोबर खाली.

दिसायला छान दिसत होते.

शाळेची रजा संपली. आणखी रजा मिळणार नव्हती आणि आता घर माझ्या पगारावर चालायचं होतं. आत्या त्यांच्याकडे पाहणार होती. सकाळी टांगा आला. मी अनवाणी बैठकीत गेले, बाबांच्या पाया पडायला वाकले.

त्यांच्या दोन्ही टाचांशी फरशीवर एकेक ठिपका होता.

मी अंगठ्याने घासला. निघाला नाही. वाळून कधीच पक्का झालेला होता.

"बाबा," मी म्हणाले.

त्यांचे ओठ हलले. मी त्यांच्या बाजूला येऊन कान जवळ नेला.

"तिले जागा सापडली," ते म्हणाले.

मी सरळ झाले. बुटकी खुर्ची दारामागे नव्हती. ती माझ्या मागे, बाबांच्या शेजारी होती, त्यांच्यासारखीच दाराकडे तोंड करून. अंजिरी साडीवर सकाळचं ऊन पडलं होतं. तो रंग त्या जागी खरोखर शोभत होता. आईची नजर कधी चुकत नसे.

खोलीत कुणी नुकतंच पान खाल्ल्यासारखा काताचा वास होता.

तळव्याला काहीतरी गार लागलं. मी पाय उचलून पाहिला. टाचेला चुना लागला होता. ओला होता.

बाहेरून टांगेवाल्याने हाक दिली.

एका पायावर उभं राहून टाच पुसता येईना.

"आलेच," मी म्हणाले, आणि पुसण्यापुरती जरा टेकले.