क्वीन्सटाउनचा पांढरा चेंडू

"काका, चेंडू तुम्हीच चोरलात का?"

हे तोंडावर विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. गार्गीने विचारून दाखवलं! शेजारी उभा असलेला तिचा मित्र कुशल लाजून चूर झाला. तिच्या प्रत्येक तपासात तो असायचा आणि प्रत्येक तपासात लाजायचा.

चांगी बिझनेस पार्कातल्या ऑफिसखाली कॉफी पीत बसलेले रवींद्रकाका शांतपणे म्हणाले, "तुमच्या कपाटातला तो चेंडू मी आजवर पाहिलेलासुद्धा नाही."

क्वीन्सटाउनच्या मराठी बेसबॉल क्लबात काचेच्या कपाटात तो चेंडू असायचा. चांगीच्या संघाविरुद्धच्या जुन्या फायनलमध्ये चांगीकडून खेळणाऱ्या काकांनी जोरदार फटका मारला आणि गार्गीच्या बाबांनी, शिरीषने, झेल घेऊन कप जिंकला, तोच हा चेंडू. त्यानंतर काका क्लबात फिरकले नव्हते. आता दोन्हीकडे माणसं कमी पडू लागली, म्हणून संघ एक करायचं ठरलं. रविवारी काका बोलणी करायला आले आणि संध्याकाळी कपाट रिकामं! सगळे त्यांनाच चोर म्हणू लागले.

"त्या मॅचचं काय आठवतं, काका?"

"चिखल." काका हसले. "नवे चेंडू फार गुळगुळीत असतात. पाहुण्या संघाने ते चिखलाने चोळून द्यायचे, अशी आपली रीत. मी पुलाउ उबीन बेटावरून चिखल आणून सगळे तपकिरी केले होते, पुसला तरी तो रंग जात नाही. शिरीषच मदतीला होता. एका फ्लॅटमध्ये राहायचो गं आम्ही."

क्लबची देखभाल संजीवनीमावशींकडे होती.

"रविवारी सकाळीच पुसला मी," त्या म्हणाल्या. "पांढराशुभ्र, दुकानातून आणल्यासारखा! किल्ली खिळ्यालाच असते, कुणीही घ्यावी."

"बाबाचा झेल पाहिलात तुम्ही?"

"झेल कसला दिसतोय! कुंपणाजवळच्या झुडपात उडी मारली आणि चेंडू हातात घेऊनच उठला. धांदरट मेला! सरावाचा चेंडू खिशात घेऊन खेळायचा. पडलास तर कंबर मोडेल, म्हणून मी ओरडायचे."

"काहीच मिळालं नाही, लाह," बाहेर आल्यावर कुशल इथल्या सवयीने 'लाह' जोडत म्हणाला.

गार्गी चालू लागली. तिला सगळंच मिळालं होतं, आणि ते नको होतं.

संध्याकाळी ती कुशलला घेऊनच घरी गेली.

"बाबा, चेंडू तू काढलास."

आईने टीव्ही बंद केला.

"मॅचचे सगळे चेंडू तपकिरी होते. कपाटातला पांढरा. म्हणजे तो मॅचमधला नव्हताच. तो तुझ्या खिशातला, सरावाचा. खरा चेंडू कुंपणापार गेला होता. काकांचा होमरन होता तो, कप त्यांचाच!"

"पण इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं नाही आलं?" कुशलने विचारलं.

"जिंकलेली वस्तू कोण निरखून बघतो? पण काकांनी स्वतः चोळले होते ते चेंडू. एका नजरेत ओळखलं असतं त्यांनी. ते येण्याआधी तो लपवायची गरज एकालाच होती."



"त्या दिवशी सगळ्यांनी खांद्यावर घेतलं गं मला," बाबा म्हणाला. "खाली उतरल्यावर सांगू म्हटलं. मग हरलेल्या रवीने फ्लॅटच सोडला. मनातलं ज्याला सांगावं, असा तो एकटाच होता इथे."

"आता राहू दे गं," आई हळूच म्हणाली. "जुनं झालं."

"काकांना चोर म्हणतात, ते आत्ताचं आहे, आई." गार्गी बाबाकडे वळली. "मी ठरवलंय. उद्या क्लबात मी सगळ्यांसमोर सांगणार. बाबा, तू माझ्याआधी बोललास तर मला फार बरं वाटेल. नाही बोललास, तरी मी बोलणार."